न दिसणारी चांदी आणि पंचगंगेचा गाळ

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. कारखान्यात मुद्दाम तयार केले जाणारे अतिसूक्ष्म कण, ज्यांना आपण सर्रास 'नॅनो' म्हणू लागलो आहोत, ते वापरून झाल्यावर कुठे जातात आणि तिथे काय करतात, असे वाचक विचारत आहेत. त्यांतील पाच प्रश्न निवडून हा संपूर्ण मजकूर त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : मुलासाठी आणलेल्या मोज्यांच्या पाकिटावर 'नॅनो सिल्व्हरयुक्त, दुर्गंधी नाही' असे लिहिले होते. आपल्याकडे बाळाला चांदीच्या वाटीतून पाजतात, पाण्याच्या पिंपात चांदीचे नाणे टाकतात. मग धुण्याच्या पाण्यातून थोडी चांदी नाल्यात गेली, तर बिघडले कुठे?
– एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वाटीतली चांदी आणि मोज्यातली चांदी धातू म्हणून एकच आहे, पण तिचे वागणे एकसारखे नाही. हा फरक समजला की पुढचे सगळे सोपे होते, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबू.

एक सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा चांदीचा घन डोळ्यांसमोर आणा. त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या आसपास भरेल आणि त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ होईल सहा चौरस सेंटिमीटर. आता हाच घन कापत कापत प्रत्येक तुकडा एक नॅनोमीटरचा केला, असे समजा. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, आपला केसच ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.) चांदी तेवढीच राहिली, वजनही तेवढेच राहिले, पण सगळ्या तुकड्यांचे मिळून उघडे अंग झाले सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५९ गुंठे. तोळाभर चांदीने जवळजवळ दीड एकर रान व्यापले. प्रत्यक्ष वापरातले कण एक नॅनोमीटरहून मोठे असतात. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनो कण म्हणण्याची रीत आहे. तरीही मुद्दा तोच राहतो. धातूची पाण्याशी, हवेशी आणि जिवाणूंशी जी काही देवाणघेवाण होते ती पृष्ठभागावर होते आणि वाटीचा पृष्ठभाग त्या मानाने नगण्य असतो. नॅनो कणांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सतत सुटत राहतात, ते पेशीतील गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि जिवाणूचे कामकाज बंद पाडतात. मोज्याला वास येत नाही तो याच कारणाने. पण आयनाला पायाच्या घामातला जिवाणू आणि नदीतले शेवाळ यांतला भेद कळत नाही.

मोज्यातून चांदी खरोखर निघते का, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये अगदी साध्या रीतीने तपासले. बाजारातले सहा प्रकारचे मोजे त्यांनी पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले आणि ते पाणी तपासले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली, काहींतून मात्र एक टक्कासुद्धा निघाली नाही. म्हणजे चांदी कापडात कशी बसवली आहे यावर सारे अवलंबून आहे आणि पाकिटावर नेमके तेच लिहिलेले नसते.

राजारामपुरीतल्या मोरीतून निघालेले पाणी पुढे कुठे जाते, हे आपण जाणताच. जयंती नाल्याचे सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेले जाते आणि नाला ओसंडला की ते थेट पंचगंगेत उतरते. केंद्रापर्यंत पोहोचलेल्या चांदीच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट घडते. मैल्याच्या पाण्यात, जिथे प्राणवायू नसतो तिथे, गंधकाची संयुगे तयार होतात आणि चांदी त्यांच्याशी लगेच जोडली जाऊन सिल्व्हर सल्फाइड बनते. घरातले पैंजण काळे पडते ना, तोच हा थर. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे चांदीचा विषारीपणा बराच कमी होतो. सांडपाण्याच्या गाळात सिल्व्हर सल्फाइडचे नॅनो कण असल्याचे २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवूनही दिले.

म्हणजे चांदी संपली नाही, ती गाळात गेली. तो गाळ खत म्हणून शेतात पसरला, तर वर्षानुवर्षे ती जमिनीत साठत राहणार. आणि नाला ओसंडून जी चांदी परस्पर नदीत गेली, तिला हे गंधकाचे कवच मिळेलच, असे नाही.

नदीत किंवा तलावात चांदी थोड्या प्रमाणात पण दीर्घकाळ राहिली तर काय होते, याचे आजवरचे सर्वांत मोलाचे उत्तर कॅनडातून आले आहे. ऑन्टारिओ प्रांतात केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यांपैकी २२२ क्रमांकाच्या तलावात २०१४ आणि २०१५ च्या उन्हाळ्यांत शास्त्रज्ञांनी नॅनो चांदी थोडी थोडी सोडली. काचेच्या टाकीतल्या प्रयोगांत दिसतो तसा माशांचा खच तिथे पडला नाही. मात्र पर्च आणि पाइक या माशांच्या यकृतात चांदी साठत गेली आणि पर्च माशांची संख्या घटली. नदीकाठच्या माणसाला मेलेले मासे दिसतात तेव्हा तो ओरडतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मासे हळूहळू कमी होतात तेव्हा कुणालाच काही दिसत नाही. पंचगंगेच्या बाबतीत मला अधिक काळजी या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे की, भाजलेल्या जखमेवर बांधायच्या पट्टीत चांदी असणे योग्य आहे, कारण तिथे तिची खरी गरज असते. मोज्याचा वास घालवायला साबण आणि ऊन पुरेसे आहे. हुपरीला चांदीच्या कामाच्या ठिकाणी कधी बसलात तर पाहा, कारागीर घासकामाचा कीसही वाया जाऊ देत नाही, दिवसअखेर जमिनीवरचा केर झाडून बाजूला ठेवतो, आणि त्या केरातून चांदी काढून देणारे झारेकरी पूर्वी गावोगाव असत. तीच चांदी आपण चार धुण्यांत नाल्यात सोडतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

प्रश्न : आमचा कापड प्रोसेसिंगचा व्यवसाय आहे. अलीकडे पार्ट्यांकडून 'अँटिबॅक्टेरियल फिनिश'ची मागणी वाढली आहे. केमिकल पुरवणारे सांगतात की त्यात चांदी फारच थोडी असते आणि ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) काही त्रास होत नाही. हे खरे मानावे का?
– एक प्रोसेस व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : 'फारच थोडी' हे उत्तर अपुरे आहे. किती, कोणत्या आकाराची, कशाचा लेप दिलेली आणि किती धुण्यांनंतर किती टिकणारी, हे चार आकडे तुम्ही लेखी मागावेत. जो पुरवठादार ते देऊ शकत नाही, त्याच्या मालाबद्दल त्याला स्वतःलाच माहिती नाही, असे समजावे.

ईटीपीच्या जैविक टाकीत काम करतात ते जिवाणूच असतात आणि तुम्ही कापडावर चढवता आहात ते जिवाणू मारणारे द्रव्य आहे. त्यातही अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू चांदीला विशेष हळवे असल्याचे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. सर्वसाधारण सांडपाण्यात गंधकामुळे चांदीची धार बोथट होते, हे वर सांगितलेच आहे, पण पॅडिंगच्या ट्रफमध्ये (कापड बुडवून पिळण्याच्या कुंडात) उरलेले द्रावण एकदम टाकीत ओतले तर तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून शिफ्टच्या शेवटी उरणारे हे द्रावण इतर पाण्यात मिसळू न देता वेगळ्या पिंपात साठवावे. त्याचा साका खाली बसवून चांदी परत काढता येते, आणि चांदी गाळून घेणारी माणसे तुमच्यापासून फार लांब नाहीत. क्युअरिंग, म्हणजे उष्णता देऊन फिनिश पक्के करणे, घाईत उरकलेल्या कापडाची चांदी पहिल्या धुण्यातच सुटते, त्यामुळे तापमान आणि वेळ यांत काटकसर करू नये.

आणखी एक बाजू आहे, जी पुरवठादार सहसा सांगत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात, जिथे जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरले जात होते तिथे, चांदीला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू आढळले. पुढे या प्रतिकाराला कारणीभूत असणारी जनुकेही सापडली. प्रत्येक शर्टात आणि चादरीत चांदी घातली तर जिवाणूंना ही विद्या शिकायला आपण घरोघरी शाळा काढून दिली, असे होईल आणि खरी गरज पडेल त्या दिवशी चांदी कामाला येणार नाही. रुग्णालयाच्या कापडाची ऑर्डर असेल तर जरूर घ्या. रोजच्या शर्टिंगसाठी ग्राहकाला हे समजावून सांगण्याचा प्रयत्न करा, एवढी विनंती आहे.

प्रश्न : मी ऊस उत्पादक शेतकरी आहे. सोसायटीत युरियाबरोबर नॅनो युरियाच्या बाटल्या मिळतात. या नॅनोमुळे जमिनीतले गांडूळ आणि जिवाणू मरतात, असे आमच्या भागात बोलले जाते. त्यात तथ्य आहे का?
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : नाव एक असले तरी चांदीची गोष्ट युरियाला लावू नये. चांदी किंवा टायटॅनियम हे मातीत वर्षानुवर्षे राहणारे पदार्थ आहेत. युरिया पाण्यात विरघळतो, त्याचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होते, आणि पिकाने ते घेतले की मागे धातूचा कण उरत नाही. म्हणून गांडुळे मरण्याची जी भीती तुमच्या भागात बोलली जाते, ती मला या बाटलीच्या बाबतीत योग्य वाटत नाही.

योग्य प्रश्न वेगळा आहे, तो हिशेबाचा आहे. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झालेल्या द्रवरूप नॅनो युरियात नत्राचे प्रमाण ४ टक्के होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. नंतर आलेल्या 'प्लस' प्रकारात प्रमाण वाढवलेले आहे, तरी हिशेब ग्रॅममध्येच राहतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. पानांवाटे घेतलेले नत्र अधिक कार्यक्षम असते, हे मान्य केले तरी एवढी तफावत भरून निघेल, असे मानणे कठीण आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत दाणेदार युरिया कमी करून त्या जागी नॅनो युरिया फवारल्यावर गहू आणि भात या दोन्ही पिकांचे उत्पादन घटल्याचे आढळले होते. तेव्हा पूरक फवारणी म्हणून वापरायचा असेल तर वापरा, पण गोणीच्या जागी बाटली हा व्यवहार करू नका.

मात्र दुकानात नॅनो जस्त आणि नॅनो तांबे या नावांच्याही बाटल्या असतात. तिथे तुमच्या शंकेला आधार आहे. आपल्या जमिनींत जस्ताची कमतरता असते, त्यामुळे मोजक्या जस्ताने पिकाला फायदा होतो. झिंक ऑक्साइडचे कण पाण्यात विरघळून जस्ताचे आयन सुटतात आणि पाण्यातल्या शेवाळाला होणारा अपाय मुख्यतः त्या आयनांचा असतो, कण कितीही लहान असला तरी. तांबे मासे आणि गोगलगायींना घातक आहे. या बाटल्या माती परीक्षणाशिवाय वापरू नयेत, ओढ्याच्या आणि पाटाच्या कडेने फवारू नयेत आणि फवारणी पंप नदीवर नेऊन कधीही धुऊ नये. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेतीसाठीच्या नॅनो उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे, याच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. बाटली घेताना तिची तशी तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : आमचे गुऱ्हाळ आहे. चुलवणाच्या धुरातही नॅनो कण असतात, असे वाचले. ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मग आताच एवढी चर्चा का?
– एक गुऱ्हाळमालक, करवीर तालुका

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. काजळी, ज्वालामुखीची राख, समुद्राच्या फवाऱ्यातले मीठ, या सगळ्यांत नॅनो आकाराचे कण असतात आणि सजीवसृष्टी त्यांच्या संगतीतच वाढली आहे. (धुराचे कण निरुपद्रवी आहेत, असा याचा अर्थ नाही. चुलवणाजवळ रोज बसणाऱ्या गुळव्याच्या आणि जळव्याच्या छातीला ते काय करतात, हे आपण पाहत असालच.) कारखान्यात तयार केलेल्या कणांचे वेगळेपण त्यांच्या घडणीत आहे. नैसर्गिक कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि खाली बसतात. तयार कणांना मात्र तसे होऊ नये म्हणून मुद्दाम लेप दिलेला असतो, कारण गठ्ठा झालेला कण विकत घेणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. शिवाय चांदी, सेरियम, टायटॅनियम असे पदार्थ या रूपात आणि या शुद्धतेने पाण्यात येणे निसर्गात सहसा घडत नाही. नदीत पोहोचल्यावर जड पाण्यातल्या कॅल्शियमने ते गठ्ठ्यात येतात की कुजलेल्या पालापाचोळ्यातली आम्ले त्यांच्यावर लपेटून त्यांना तरंगत ठेवतात, यावर पुढचे नुकसान ठरते. म्हणूनच बाटलीत भरलेला कण आणि नदीत मिळणारा कण एकच आहे, असे धरून चालत नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पंचगंगेत कारखानी टायटॅनियम डायऑक्साइडचे कण किती आहेत, हा विषय मला प्रकल्पासाठी घ्यायचा आहे. घरांच्या पांढऱ्या रंगातून ते येतात, असे वाचले. मोजता येतील का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

रंगातून कण येतात, हे सिद्ध झालेले आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००८ मध्ये इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात हे कण दाखवले. तुम्हीही ते पाहू शकता. चार-पाच पावसाळे खाल्लेल्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवा, तळव्याला पीठ लागेल. सूर्यप्रकाशात टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच आजूबाजूच्या बाइंडरचे (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचे) विघटन घडवून आणतो आणि मोकळा होतो. रंगातले बहुतेक कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे व्याख्येनुसार नॅनोच्या बाहेरचे असतात, पण त्यांतला काही हिस्सा शंभराच्या खाली असतो. याच कारणाने खाण्यातल्या पांढऱ्या रंगाबद्दल, ई १७१ बद्दल, शंका वाढत गेली आणि युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

अडचण आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीतली तीच माती घेऊन प्रयाग चिखलीला येतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात टायटॅनियम सापडणारच. नुसता एकूण आकडा काढून 'नदीत रंगाचे कण सापडले' असा निष्कर्ष लिहिलात, तर परीक्षक तो एका वाक्यात खोडून काढतील आणि ते बरोबर असेल.

यातून वाट आहे ती सोबतीच्या मूलद्रव्यांची. खडकातल्या टायटॅनियमसोबत नायोबियम आणि व्हॅनेडियम ठरावीक प्रमाणात असतात. कारखान्यात शुद्ध केलेल्या रंगद्रव्यात ते जवळपास नसतात. म्हणून प्रयागच्या वरच्या बाजूच्या पाण्यात टायटॅनियमचे नायोबियमशी गुणोत्तर काढा, मग तेच शहराखाली, राजाराम बंधाऱ्याच्या पुढे, आणि शक्य असल्यास नृसिंहवाडीच्या संगमाआधी काढा. शहराखाली गुणोत्तर वाढले, तर ती वाढ खडकातून आलेली नाही. मे महिन्यातले संथ पाणी आणि पहिल्या वळवाच्या पावसात भिंतींवरून धुऊन आलेले पाणी, असे दोन्ही वेळचे नमुने घ्या. केवळ पाणी घेऊन थांबू नका, काठाचा गाळ घ्या, कारण बहुतेक कण अखेर तिथेच जातात. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रकल्पाचा आराखडा पक्का करण्याआधी तिथल्या अध्यापकांना भेटा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मागून ठेवा.

याच नमुन्यांत चांदीही पाहणार असाल, तर एक खबरदारी घ्या. धातू मोजण्यासाठी नमुना गोळा केल्याबरोबर त्यात नायट्रिक आम्ल घालायचे, ही सवय आपल्याला पदवीपासून लावलेली असते. एकूण धातू मोजायचा तर ती योग्यच आहे, पण कण मोजायचे असतील तर ते आम्ल चांदीचा कण विरघळवून टाकेल आणि तुमच्या हाती केवळ आयन उरतील. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते, हे हुपरीतला कोणताही कारागीर सांगेल. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा. एकीत आम्ल घाला, दुसरीत काहीही घालू नका. ही दुसरी बाटली उजेडापासून झाकून, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या, आणि दोन्हींवर ठिकाण, तारीख व वेळ तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा.